अविधवा नवमीचं पान

विठ्ठलवाडी
६ जुलै २०२५

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तो महेश भाऊजींच्याच फोनवर जातो. म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

जितेश गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं. गेल्या पितृपक्षात त्यांचं वर्ष सरलेलं नव्हतं, त्यामुळे आईंची अविधवा नवमी राहिली. ते ठीकच होतं. या वर्षी नवमी १५ सप्टेंबरला, सोमवारी आहे. मी शाळेच्या ऑफिसात रजा सांगून ठेवली आहे. जिज्ञासाचीही कॉलेजची परीक्षा त्या दिवसांत नाही. आम्ही दोघी आदल्या दिवशीच कुळगावला येतो. मी आता सवाष्ण नाही, पानावर बसायचा मान मला नाही, पण स्वयंपाक करायला काही अडचण नसावी. भोपळ्याच्या घाऱ्या, अळूचं फदफदं, वडे आणि खीर, आईंना आवडायचं तेवढंच करू. सवाष्ण म्हणून शेजारच्या विठाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

आई तुमच्या आधी गेल्या म्हणून त्यांच्या नावाने हे पान वाढलं जातं. तुम्ही आहात तोवरच. पुढे नाही. म्हणून चुकवू नये असं वाटतं.

तब्येतीला जपा.

तुमची सून,
किर्ती


कुळगाव, बदलापूर
१७ जुलै २०२५

चि. किर्ती,

आशीर्वाद. पत्र मिळालं. रजा घेऊ नको. नवमी होणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. गेल्या वर्षी केली नाही तीही जितेशच्या वर्षामुळे नव्हे. तुम्ही सगळ्यांनी तसं धरलं, मी बोललो नाही.

कौसाचा फोटो मी खाली काढून पेटीत ठेवला आहे. तू विचारशील म्हणून कारण लिहितो. एकदाच लिहितो.

जितेशच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा डॉक्टरांनी तुझ्यासमोर मला सांगितलं होतं. हा आजार आईकडून येतो किंवा बापाकडून, तिसरीकडून येत नाही. मी एकोणऐंशीचा आहे. रोज शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतो. माझी दाढी मी स्वतः करतो, गालावर एक ओरखडा नसतो. कौसा सहासष्टाची होऊन गेली, ती न्यूमोनियाने. त्याच आठवड्यात ती सुईत दोरा ओवत होती, तू पाहिलं आहेस. मला नाही, तिला नाही. मग जितेशला कुठून आला? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

मी कुणाला दोष देत नाही. पण ज्या बाईने मला असं फसवलं तिच्या नावाने मी पान वाढणार नाही.

हिरामण


विठ्ठलवाडी
२१ जुलै २०२५

तीर्थरूप मामा,

पत्र वाचलं. हे तुम्ही लिहिलंत यावर आधी विश्वास बसला नाही. अक्षर तुमचंच आहे.

आई कशा होत्या हे मी तुम्हाला सांगावं, ही वेळ यायला नको होती. जितेशचा तोल जायला लागला तेव्हा उल्हासनगरच्या सेठने त्यांना जीन्सच्या कटिंगवरून काढलं. म्हणाला, "भाई, दारू पीके कैंची मत पकडो, कपडे की जगह उंगली काटोगे." कुळगावातही लोक तेच बोलायचे. एकट्या आई ऐकायच्या नाहीत. जितेशना मनगटाला धरून त्यांनी आळीतल्या दारादारांत नेलं होतं. "फूक रे याच्या तोंडावर," म्हणायच्या, "आणि तू हुंग. येतो का वास? आला तर माझ्या थोबाडीत मार." लोक हसायचे. तुम्ही ओसरीवर बसून होतात. तुम्ही तरी तेव्हा पोराचं तोंड हुंगलंत की नाही, मला आठवत नाही.

शनिवारी मी कल्याणला डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते.

माणसाच्या शरीरात एक ओळ असते, त्यात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती तुमच्यात आहे, माझ्यात आहे, सेठमध्येही आहे. बहुतेकांत सतरा ते वीस वेळा. पस्तीसपर्यंत आजार येत नाही. चाळीस किंवा जास्त असेल तर आयुष्यात कधी ना कधी येतोच. मधले जे छत्तीस ते एकोणचाळीस, त्यांचं नक्की नाही. कुणाला म्हातारपणी येतो, कुणी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहतं. असा माणूस स्वतः धडधाकट असतो, पण मुलाला ती ओळ देतो. आणि बापाकडून उतरताना हा आकडा कधीकधी वाढतो. आईकडून एवढा वाढणं क्वचित. जितेशचा सेहेचाळीस होता.

डॉक्टर तेव्हा म्हणाले, आईबापांपैकी एकाकडून येतो. आईबापांपैकी एक आजारी असलाच पाहिजे, असं ते म्हणाले नव्हते. ते आपण धरलं.

मी बाईंना विचारलं, असे किती लोक असतील? त्या म्हणाल्या, परदेशात हजारो साध्या माणसांचं रक्त तपासलं, ज्यांच्या घरात हा आजार कुणी पाहिलेला नाही अशांचं. चारशेत एकाच्या आसपास निघाला छत्तीस किंवा त्याहून जास्तवाला. आपल्याकडे कुणी नीट मोजलेलं नाही. म्हणजे गावदेवीच्या जत्रेला जेवढी माणसं येतात त्यांत असे काही असतीलच, नारळ फोडून, भजी खाऊन घरी जातात, त्यांना कधी कळत नाही.

आई आता नाहीत. तपासता येईल असे तुम्हीच आहात. तुमचा आकडा साधा निघाला तरी आई खोट्या ठरत नाहीत, त्यांच्याकडूनही तो मधला आलेला असू शकतो. पण तुमचा मधला निघाला तर बोलायलाच काही उरणार नाही. एकदा रक्त द्या. नवमीच्या आत कळेल.

किर्ती


कुळगाव
२ ऑगस्ट २०२५

चि. किर्ती,

ओळी, अक्षरं, आकडे मला कळत नाहीत. मला माणसं कळतात.

जितेशच्या जन्माच्या आधी आमच्या पडवीच्या खोलीत विष्णुपंत म्हणून भातगिरणीचा कारकून भाड्याने राहायचा. दोन पावसाळे होता. त्याचे हात थरथरायचे. दारूचा थेंब घेत नसे, तरी थरथरायचे. चहा दिला की बशीत सांडायचा. म्हणून कौसा त्याला अर्धाच कप भरून द्यायची. मी तेव्हा हसायचो. आता माझ्या डोक्यातून तो अर्धा कप जात नाही. सांडू नये म्हणून अर्धा द्यावा हे तिला का सुचावं? मला का नाही सुचलं? एवढं बारीक बाई कुणाकडे बघते?

हे मी महेशला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मग सगळं जुळतंय."

रक्त मी देणार नाही. या वयात मी लॅबमध्ये जाऊन काय सिद्ध करू? महेशच्या दिपेशचं लग्न अंबरनाथला ठरत आलं आहे. मुलीकडचे चांगले लोक आहेत, बापाचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. त्यांचं येणंजाणं सुरू आहे. अशा वेळी घरात रक्त तपासण्याचा विषय काढू नको. तुला मुलगा नाही, तुला यातलं कळणार नाही.

हिरामण


विठ्ठलवाडी
८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामा,

मला मुलगी आहे. तिच्या बापाचा आकडा सेहेचाळीस होता, मग ते कुणाचेही असोत. तिला असायची शक्यता अर्धी आहे. ती वीस वर्षांची आहे आणि तिने ठरवलं आहे की आत्ता तपासायचं नाही. ती रोज कॉलेजला जाते, मैत्रिणींशी भांडते, माझ्याशीही भांडते. तुमच्या त्या विष्णुपंतांचा तिला काडीचा उपयोग नाही.

उपयोग कुणाला आहे याचा मी बराच विचार केला. जितेश तुमचे नव्हते असं ठरलं, तर आजार आमच्यापुरताच उरतो. तुम्ही सुटता, महेश भाऊजी सुटतात, दिपेश सुटतो. एक मेलेली बाई तेवढी अडकते. तुम्ही हे असं मुद्दाम मांडलंत असं मी म्हणत नाही. पण मांडलं आहे खरं.

हात थरथरणं वेगळं. तुम्ही बारा वर्षं जितेशना पाहिलंत. त्यांचे हात थरथरायचे नाहीत, ते कुणीतरी ओढल्यासारखे उडायचे. शेवटी त्यांना मी भरवायचे तेव्हा एका हाताने हनुवटी धरावी लागायची. मीही त्यांना कप अर्धाच द्यायचे. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. समोर माणूस चहा सांडत असेल तर कोणतीही बाई तेच करेल.

तुमच्याकडून आला असेल तर तो दोष नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. आईंवर तुम्ही जो घालताय तो मात्र दोष आहे, आणि तो तुम्ही जाणूनबुजून घालताय.

डॉक्टरबाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. मंगळवारी आणि शनिवारी भेटतात. त्या आधी बोलतील, मग रक्त घेतील. उपाशी जायची गरज नाही.

किर्ती


कुळगाव
२ सप्टेंबर २०२५

चि. किर्ती,

मी १२ ऑगस्टला रक्त दिलं. तुला कळवलं नाही. महेशने गाडीने नेलं. तो नको म्हणत होता, मी म्हटलं नेत नसशील तर रिक्षाने जातो. मला वाटत होतं माझा साधा निघेल आणि तुझं तोंड बंद होईल. खरं ते लिहितो.

आज निकाल घ्यायला गेलो. अडतीस.

मला ऐकू येत नाही म्हणून डॉक्टरबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. बराच वेळ लिहीत होत्या. माझ्या वयात आता आजार न येण्याचीही बरीच शक्यता आहे असं लिहिलं. यात तुमची चूक नाही असंही लिहिलं. मी म्हटलं, माझा मुलगा अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेला आणि मी अजून दाढी करतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या हातावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही.

येताना अंबरनाथ ओलांडायच्या आधी महेशने गाडी कडेला घेतली, माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे मला त्याचे ओठ दिसावेत, आणि म्हणाला, "बाबा, हे इथंच संपलं. तुम्हाला आईची नवमी करायची तर करा, दार लावून करा, मी अडवत नाही. पण बाहेर दादा आपला नव्हता तो नव्हता. मी मुलीच्या बापाला तसं सांगून बसलोय."

मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"की आईचं लग्नाआधीचं, बाहेरचं होतं. दादा तुम्ही पदरात घेतलात."

"लग्नाआधीचं? तो लग्नानंतर चार वर्षांनी झाला."

"मग काय त्यांना दाखला दाखवत बसू? ते म्हणाले, हिरामणराव मोठ्या मनाचे. तुमचीच लाज राखली."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण ते विष्णुपंताचं मीच त्याला दिलं होतं.

किर्ती, मी त्याला हो म्हटलं. तूही सांभाळून घे. कौसा गेली. तिला कोण काय म्हणतं ते तिच्यापर्यंत पोचत नाही. दिपेशचं सगळं आयुष्य पुढे आहे. मी तिचा फोटो पेटीतून काढून परत लावला आहे. आतल्या खोलीत. नवमीला तू आणि जिज्ञासा या, आपण घरच्या घरी करू. विठाला बोलवायचं नाही. बदलापुरात कुणी ओळख नसलेली सवाष्ण मिळाली तर बघतो.

तुळशीला, महेशच्या बायकोला, यातलं काही माहीत नाही. महेशने मला शपथ घातली आहे.

हिरामण


विठ्ठलवाडी
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामा,

तुळशीला मी सांगितलं.

पक्ष लागायच्या आधी साखरपुड्याच्या साड्या घ्यायच्या म्हणून ती शुक्रवारी उल्हासनगरला आली होती. तिनेच मला फोन करून दुकानात बोलावलं. समोर साड्यांचा ढीग. मला बघून हसली. म्हणाली, "ताई, हा सेठ म्हणतो फिक्स रेट. मी म्हटलं, मग मी पण फिक्स, भाव उतरेपर्यंत इथून उठत नाही. बघू, आधी मी उठते की दुकान बंद होतं." सेठही हसत होता. मी तिला बाहेर नेलं आणि रसाच्या दुकानात बसून सगळं सांगितलं. तुमचा अडतीस सांगितला.

तिने आधी विचारलं, "म्हणजे यांना पण?"

मी म्हटलं, "असू शकतो. नसूही शकतो. अर्धं अर्धं."

"आणि दिपेशला?"

"भाऊजींना असेल तरच."

"यांना माहीत आहे?"

"गाडी तेच चालवत होते."

तिने ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ताई, आता मी रोज यांच्याकडे बघत बसू का? कप उचलला की बघू, जिना उतरायला लागले की बघू?" मी बारा वर्षं तेच केलं.

उठताना तिने एवढंच विचारलं, "आणि सासूबाईंचं ते लग्नाआधीचं कोणी काढलं?" मी म्हटलं, घरी जाऊन विचार. साड्या तिने दुकानातच ठेवल्या.

तुम्ही म्हणाल, हिने घर मोडलं. म्हणा. माझ्या लग्नात मला कुणी सांगितलं नाही, पण तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं, म्हणून माझा कुणावर राग नाही. जितेशवर तर नाहीच. ज्या मुलीला तुम्ही आणणार होतात तिच्या बाबतीत मात्र सगळं माहीत होतं. माहीत झाल्यावरही तिने हो म्हटलं असतं कदाचित. तिला विचारायला तर हवं होतं.

आणि आईंपर्यंत काही पोचत नाही असं तुम्ही लिहिलंत. मग नवमीचं पान तरी कुणासाठी वाढायचं?

दार लावून करणार असाल तर मी येणार नाही. आईंनी कधी दार लावून काही केलं नाही.

किर्ती


कुळगाव
१९ सप्टेंबर २०२५

चि. किर्ती,

तू आली नाहीस. मी दार उघडं ठेवलं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहितो, टोमणा नाही.

तुळशीने घरी आल्याआल्या मुलीच्या आईला फोन केला. महेशसमोर केला. मी ओठांकडे बघत होतो. आजाराचं सांगितलं, माझा आकडा सांगितला आणि शेवटी म्हणाली, "आणि आमच्या सासूबाईंबद्दल जे ऐकलंत ते खोटं आहे. ते माझ्या नवऱ्याने सांगितलं." लग्न मोडलं. त्या लोकांनी शिवीगाळ केली नाही, फक्त नारळ परत पाठवला. दिपेश दोन दिवस घरी जेवला नाही.

आता गावात सगळ्यांना माहीत आहे. कौसाला कुणी काही म्हणत नाही. आता आम्हाला म्हणतात.

नवमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः विठाकडे गेलो. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, राग मानू नका. आमच्याकडं लग्नाची पोर हाय. तुमच्याकडं जेवली म्हणून नाव ठेवतील."

मी म्हटलं, "अगं, हा जेवणाने होत नाही. रक्तातला आहे."

ती म्हणाली, "ते तुम्हाला म्हाईत. लोकांना काय म्हाईत?"

आणखी तिघींना विचारलं. एकीला ताप होता, एकीकडे पाहुणे होते, एकीने दारच उघडलं नाही. चूल पेटवली तुळशीने. ती महेशशी बोलत नव्हती, माझ्याशीही नाही. स्वयंपाक मात्र तू लिहिला होतास तसाच केला. पान वाढलं आणि कुणी सवाष्ण येईल म्हणून आम्ही वाट बघत बसलो. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. सारखे घड्याळ बघत होते.

मग तुळशी आत गेली, हिरवी साडी नेसून आली आणि पानावर बसली. भटजी म्हणाले, "घरची सून चालत नाही. बाहेरची सवाष्ण लागते."

ती म्हणाली, "मग तुम्ही बसता का?"

तिने माझ्याकडे बघितलं, मला दिसेल अशा बेताने म्हणाली, "वाढा. मी सासूबाईंसाठी जेवते. तुमच्यासाठी नाही आणि तुमच्या मुलासाठी पण नाही."

ती सगळं जेवली. पानात शीत ठेवलं नाही. ओटी भरायला घरात दुसरी बाई नव्हती. पुरुषाने भरायची पद्धत नाही, पण तिने पदर माझ्यापुढे धरला. म्हणाली, "तुम्ही भरा. नाव तुम्ही घालवलंत, आता नाव घेऊन घाला." मी तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. कौसाचं नाव घेतलं. आजाराचं नाव कळेपर्यंत मी तिला वेडी म्हणत होतो, पोराला दारोदार हुंगवते म्हणून. तू विचारलं होतंस. मी हुंगलं नव्हतं. मला तो प्यायलेलाच वाटायचा.

हात धुऊन तुळशीने दिपेशला हाक मारली आणि दोघं तिच्या माहेरी गेली. कधी येणार ते सांगितलं नाही. जाताना महेशला म्हणाली, रक्त दे, मग बोलू. त्याने दिलेलं नाही. देणार नाही म्हणतो. कामावरही जात नाही.

घरात आता आम्ही दोघंच. तो ओसरीवर बसतो आणि मी समोर. त्याने पाण्याचा तांब्या उचलला की माझी नजर त्याच्या हाताकडे जाते. नको म्हटलं तरी जाते. त्याला ते कळतं. तो तांब्या खाली ठेवतो, पाणी पीत नाही, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतो.

हिरामण